बोल्टावरची रेघ

आप्पांची माती मुरुडला झाली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांचे जुने सहकारी लातूरला एकाच्या गच्चीवर जमलो. सगळे सत्तरीच्या अलीकडचे-पलीकडचे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात यंत्र. प्रत्येकानं उठून आप्पांविषयी चार शब्द बोलायचे असं ठरलं होतं. देशमाने उठले. नोकरीत असताना ते आमच्या स्टोअरला होते. म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. या जिल्ह्यातले किती हातपंप आप्पांच्या हातून चालू झाले ह्याला गणती न्हाई. एकाचा बोल्ट ढिला राहिला न्हाई. राहिला तो फक्त सवताच्या गाडीचा!"

लोक हसले. प्रेमानंच हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

तो बोल्ट आप्पांच्या हातून ढिला राहिला नव्हता. माझ्यामुळे राहिला होता. ही गोष्ट जगात दोन माणसांना माहीत होती. आता एकालाच आहे. म्हणून लिहितो आहे.

आप्पांचं नाव वीरभद्रप्पा, पण ते हजेरीपटावरच. हुद्दा हातपंप मेकॅनिक. उंच, काटक, खांद्यातून किंचित वाकलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याची कॉलर पांढरीशुभ्र आणि बाह्या कोपरापर्यंत काळ्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिल्हा नवा होता, मीही नवा होतो. आमचं पाणीपुरवठ्याचं कार्यालय एका भाड्याच्या घरात भरायचं. आस्थापनेच्या फायली स्वयंपाकघराच्या ओट्यावर रचलेल्या असत, आणि त्या ओट्याशी स्टूल टाकून मी बसे. कनिष्ठ लिपिक, परिविक्षाधीन. म्हणजे दोन वर्षांत कुठं चुकलो तर घरी. आमच्या घरात सरकारी नोकरीला लागलेला मी पहिला. वडील जळकोटच्या बाजूला दुसऱ्यांच्या शेतात राबत. माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ठेवला होता.

आप्पा आत आले आणि हजेरीपटावर सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं, "साहेब, कोपरानं पान धरू का? बोटाला ग्रीस हाय."

मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. मी म्हणालो, "मी साहेब नाही, मी कांबळे."

"मंग कांबळे साहेब," ते म्हणाले आणि कोपरानं पान दाबून सही करून गेले. पानावर एक डाग नाही.

यंत्र बिघडलं असं ते कधी म्हणायचे नाहीत. "नाराज हाय" म्हणायचे. पंप नाराज, गाडी नाराज, कार्यालयातला पंखा नाराज. पंपापाशी गेले की आधी पेचकसाची मूठ कानाला आणि टोक पंपाच्या धडाला लावून डोळे मिटून ऐकत. डॉक्टर छाती तपासतो तसं. बाया घागरी घेऊन भोवती उभ्या असत, पण त्या वेळी एकही घागर वाजत नसे. मग डोळे उघडून निदान सांगत. आणि ते निदान चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यांचं एक वाक्य जिल्ह्यातल्या सगळ्या मेकॅनिकांच्या तोंडी झालं होतं. "हात लावून बघा." कुणी म्हणालं, साखळी ठीक दिसते, तर आप्पा म्हणणार, "दिसायलंय ते ऱ्हाऊ द्या. हात लावून बघा." कुणी म्हणालं, बोअर आटलेला दिसतो, तरी तेच. डोळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढं लागणार आहे.

ते दुष्काळाचे दिवस होते. बहात्तरचा दुष्काळ आप्पांनी तरणेपणी खडी फोडून काढला होता, आणि बोअरच्या यंत्राबरोबर फिरत फिरत हे काम शिकले होते. त्यामुळे हा दुसरा दुष्काळ आला तेव्हा त्यांना त्याचं अप्रूप नव्हतं. "त्यावेळी दाणा नव्हता. आता दाणा हाय, पाणी न्हाई," एवढंच म्हणायचे. सरकारी मोटारसायकलला मागं पान्यांची पेटी, बाजूला दोरानं बांधलेले दोन पाइप, अशी ती फटफटी सकाळी निघायची ती दिवस बुडताना परत यायची.

एकदा मला आमच्या साहेबांनी आप्पांबरोबर पाठवलं. जळकोटच्या पुढं माळावर एक वस्ती होती. तिथल्या पंपाची नोंद करायची होती. पंप चार दिवस बंद. बाया दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. आप्पांनी कान लावला आणि म्हणाले, "पाणी हाय. वायसर फाटलंय." हे वायसर म्हणजे पंपाच्या आत, खोल पाण्यात बसणारी चामड्याची वाटी. तीच पाणी वर ओढते. त्यांनी गावातली चार माणसं लावून एकेक करत सगळे पाइप वर ओढले. वाटीच्या खरंच चिंध्या झाल्या होत्या. पेटीत पाहिलं तर दुसरी नव्हती. आदल्या गावात शेवटची बसवून झालेली.

मला वाटलं, आता लातूरला जाऊन उद्या यायचं. आप्पा पंपाच्या ओट्यावर बसले, पायातली एक चप्पल काढली, पालथी केली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि पेटीतल्या चाकूनं तिचा तळ कापायला लागले.

बघणाऱ्यांतला एक म्हातारा चाचरत म्हणाला, "आप्पा, तुमी कपाळाला भस्म लावणारी माणसं. चामडं कापायलाव?"

"पाणी चामडंच वर आणतंय, मामा. भस्म न्हाई आणत," आप्पा म्हणाले आणि कापत राहिले.

गोल कापून, तेलात मुरवून, मुठीत दाबून त्यांनी वाटी केली. पाइप परत सोडले. हापसा मारला. तीस-चाळीस वेळा नुसता वारा. मग एक खाकरल्यासारखा आवाज, आणि पाणी. पहिलं गढूळ, मग पांढरं. कुणी ओरडलं नाही. बाया नुसत्या पुढं सरकल्या. एक म्हातारी घागर लावता लावता म्हणाली, "आप्पा, एक चप्पल आमच्या पंपात ठिवून चाललाव. दुसरी तरी कशाला नेताव? ती बी द्या, जोडी तरी ऱ्हाईल."

"ती पुढल्या साली," आप्पा म्हणाले.

येताना ते एका पायात चप्पल घालून गाडी चालवत होते. अनवाणी पाय गिअरच्या लोखंडावर. मी मागं बसून त्या पायाकडं पाहत होतो. त्या दिवसापासून हा माणूस मला माणसापेक्षा थोडा मोठाच वाटायला लागला. आणि ज्याला आपण इतकं मोठं मानतो त्याच्यापुढं खरं बोलणं अवघड जातं, हेही मला नंतर कळलं.

आप्पांची आणखी एक सवय होती. कोणताही बोल्ट आवळून झाला की खिशातून एक पितळी डबी काढत, तिच्यातलं भस्म खोबरेलात मळून ठेवलेलं असे, ते अनामिकेवर घेत आणि बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक पांढरी रेघ ओढत. प्रत्येक बोल्टाला. कार्यालयात यावरून त्यांची थट्टा चाले. देशमाने म्हणायचे, "आप्पा, तुम्हाला तीन पट्टे आन् बोल्टाला एकच?" आप्पा म्हणायचे, "बोल्टाचं पाप कमी असतंय."

मी हे ऐकलं आणि मला ते खरंच वाटलं. म्हणजे असं, की हा त्यांचा देवधर्म आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करतात त्यातला प्रकार. आमच्या घरात वडिलांनी धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीला दिले होते. हळद, कुंकू, भस्म यांची मला घरातली अशी ओळखच नव्हती. दुसऱ्याच्या घरातल्या असल्या वस्तूंकडं लांबून, आदरानं बघायचं, विचारायचं नाही, एवढं मला लहानपणापासून कळत होतं. मी विचारलं नाही.

मग गाडीच्या हँडलचं झालं. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर एक म्हैस आडवी आली, आप्पा नाल्यात उतरले. त्यांना खरचटलं, पण हँडल डाव्या बाजूनं वाकलं आणि क्लचच्या लिव्हरपाशी त्याला चीर गेली. नवीन हँडलसाठी मागणी केली. मागणीचा कागद जुन्या जिल्ह्याच्या स्टोअरला गेला. तिथून उत्तर आलं, गाडी आता तुमच्या जिल्ह्याची, तुम्हीच बघा. आमच्याकडून कागद गेला, गाडीची नोंद अजून तुमच्याकडंच आहे. ही पत्रं मीच लिहीत होतो, म्हणून सांगतो. तोवर आप्पा त्या चिरलेल्या हँडलला तार गुंडाळून रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरत होते.

शेवटी एका शनिवारी रजा टाकून ते नांदेडला गेले, भंगाराच्या बाजारात दिवसभर फिरले आणि त्याच जातीच्या गाडीचं एक जुनं, सरळ हँडल शोधून घेऊन आले. परत येताना एसटीला गर्दी. बसायला जागा नाही. आप्पा दोन्ही हातांनी ते हँडल छातीशी धरून मधल्या वाटेत उभे. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, एका गाडीला दोन डायवर चालत न्हाईत."

"तुमचा डायवर थकला तर असावं म्हणून धरलंय," आप्पा म्हणाले. अहमदपूरपर्यंत प्रवासी त्यांना प्रत्येक वळणावर "डावीकडं घ्या, आप्पा," "आता उजवीकडं," असं सांगत होते, आणि ते खरंच हँडल वळवत होते, असं त्यांनीच मला सांगितलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. "कांबळे, हँडल बदलायचंय. धरायला माणूस पायजे." त्यांना दुसरा कुणी मिळाला नाही म्हणून बोलावलं असेल. पण मला ते निमंत्रण वाटलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी दारातूनच सांगितलं, "सदरा काढून ठिवा. ह्यांच्या हाताखाली पांढरं काय ऱ्हात न्हाई," आणि आप्पांचा जुना बनियन दिला. मग आत चटईवर बसवून, त्यांच्या घरच्या कपात चहा. त्या काळी अशा घरात मला मिळालेला तो पहिला कप, जो वेगळा ठेवलेला नव्हता.

अंगणात लिंबाखाली गाडी उभी केली. आप्पांनी एक पोतं अंथरलं आणि जसं जसं सुटं होत गेलं तसं त्याच ओळीत त्यावर मांडलं. आधी आरसा, मग क्लचची लिव्हर, ब्रेकची लिव्हर, ॲक्सिलेटरची मूठ. डावी मूठ निघेना. तिच्याखाली पेचकस घालून साबणाचं पाणी सोडलं, ती साप सरकावा तशी निघाली. वायरी तोडायच्या नाहीत, वाकवायच्या नाहीत, नुसत्या बाजूला घेऊन माझ्या हातात दिल्या. "धरा. लेकराचं बोट धरल्यावानी." मग मधल्या दोन पकडींचे चार बोल्ट सोडले आणि जुनं हँडल उचलून अलगद भिंतीला टेकवलं. भंगारात गेलेली वस्तूही ते टाकत नसत, ठेवत.

नवं हँडल बसवलं. गाडीवर बसले, डोळे मिटले, दोन्ही हात पुढं केले. "माझे हात कुठं जाताहेत बघा. हँडल तिथं पायजे. हातानं हँडलकडं जायचं न्हाई." मी हँडल वरखाली करत होतो, ते डोळे मिटून "अजून," "बास," म्हणत होते. मग चारही बोल्ट बोटांनी फिरवून बसवले. मागचे दोन पान्यानं आवळले. शेवटी पाव फेरा असतो, तो ते श्वास रोखून मारत. तो मारला. डबी काढली. दोन्हींवर रेघ ओढली. पुढच्या बोल्टाला पाना लावला, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

"टँकर!" अक्का आतून ओरडल्या.

त्या दिवसांत टँकरचा भोंगा वाजला की जेवणारा माणूस ताटावरून उठे. अक्कांचे गुडघे धरलेले. आप्पांनी पाना तिथंच ठेवला, दोन घागरी उचलल्या आणि पळाले. डबी पोत्यावर उघडी राहिली.

मी एकटा गाडीपाशी. पुढचे दोन बोल्ट नुसते बोटांनी बसवलेले होते, पण मला ते बसलेलेच दिसत होते. फक्त त्यांच्यावर भस्म नव्हतं. मला वाटलं, बोल्ट बसले, पूजा तेवढी राहिली. आपण ती करून ठेवावी. आपल्याला इतकं घरच्यासारखं वागवलं, त्यातलं थोडं परत करावं. असली वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो. मी बोटावर भस्म घेतलं आणि दोन्ही बोल्टांवर रेघा ओढल्या. डबी होती तशी ठेवून दिली.

आप्पा चार-पाच खेपा करून तासाभरानं आले. टँकरवर भांडण झालं होतं, सदरा भिजलेला, एका घागरीला पोचा. गाडीकडं पाहिलं. चार रेघा. म्हणाले, "झालं होतं की हे." आणि लिव्हर चढवायला घेतल्या.

मी सांगायला हवं होतं, की आप्पा, त्या दोन मी काढल्या. ओठांवर आलं होतं. पण न विचारता त्यांची डबी उचलली होती. अक्का दारात उभ्या होत्या. मी गप्प बसलो. दुसऱ्यांच्या वस्तूला हात लावल्याबद्दल माझ्या आजोबांनी काय सोसलं होतं ते माझ्या अंगात होतं. ते कारण खरं आहे. पण ते कारण त्या एका तासापुरतं खरं आहे. पुढच्या सगळ्या वर्षांना ते पुरत नाही.

सोमवारी सकाळी आप्पा वायसरांचं पुडकं आणि दोन पाइप घेऊन निघाले. उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. त्यांनी ब्रेक दाबून अंगाचा भार हातांवर घेतला आणि हँडल पकडीत फिरून खाली गेलं. ते समोरून पालथे पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि उजवं मनगट चुरगळलं.

दुसऱ्या दिवशी आमचे साहेब दवाखान्यात गेले, जबाब घ्यायला. लिहायला मला बरोबर नेलं. आप्पांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. साहेब म्हणाले, "अहो, तुमच्यासारख्या माणसाचा बोल्ट ढिला राहतो कसा?"

"रेघ व्हती साहेब. रेघेवर इसंबलो."

"कसली रेघ?"

आप्पांनी सांगितलं. बोल्ट पुरा आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रेघ ओढायची. बोल्ट पुढं कधी केसभर जरी सैल झाला, तर रेघ तुटलेली दिसते. चालता चालता नजर टाकली की कळतं. रंग मिळत नाही म्हणून भस्म. "त्यात देव न्हाई साहेब. ती खूण हाय. आवळल्याबिगर रेघ ओढायची न्हाई."

माझ्या हातातला पेन थांबला. आप्पांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, थोडा वेळ पाहत राहिले, आणि मग छताकडं बघत म्हणाले, "लिहा. हँडल मी माझ्या घरी, वरिष्ठांची परवानगी न घेता बदललं."

मी लिहिलं.

"चारही बोल्ट मी सवता लावले. दुसऱ्या कुणाचा हात न्हाई."

मी लिहिलं नाही.

"लिहा की कांबळे. थांबलाव कशाला? दुसऱ्या कुणाचा हात न्हाई."

मी लिहिलं. माझं अक्षर फार चांगलं होतं. साहेबांनी आप्पांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि मी कागद पुढं धरला.

पुढचं थोडक्यात. निष्काळजीपणा आणि विनापरवानगी दुरुस्ती याबद्दल आप्पांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली. ती माझ्या हातची आहे. त्यांची गाडी काढून घेतली आणि त्यांना स्टोअरमध्ये वायसरं मोजायला बसवलं. मनगट बरं झालं पण पुरतं फिरेना. शिरूरकडच्या वस्त्यांवर त्या उन्हाळ्यात कित्येक पंप नाराजच राहिले. बाया कार्यालयात यायच्या, "चप्पलवाल्या आप्पांला पाठवा," म्हणायच्या. मी ओट्याशी बसून ऐकायचो. आप्पा स्टोअरमधून बाहेर येऊन त्यांना सांगायचे, "जाऊन आदी पेचकसानं ऐका. पाइप खडखडला तर असं करा, न्हाई खडखडला तर तसं," आणि त्यांतल्या दोघी-तिघी खरोखरच जाऊन स्वतः पंप सोडायला शिकल्या. माझी परिविक्षा पुरी झाली. मी कायम झालो, चढत गेलो, अधिकारी होऊन निवृत्त झालो. आप्पा माझ्याशी आधी बोलायचे तसेच बोलत राहिले. ते मला सगळ्यांत जड गेलं.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी सगळं एका कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि मुरुडला गेलो. आप्पा तिथं गावच्या घरी राहत होते. अक्का गेल्या होत्या. अंगणात लिंब नव्हता, पत्र्याचं शेड होतं. शेडखाली त्यांची स्वतःची जुनी मोटारसायकल, खाली पोतं, पोत्यावर ओळीनं मांडलेल्या लिव्हर आणि मुठी. मी दारातच थबकलो.

"या कांबळे साहेब. येळेवर आलाव," ते म्हणाले. "मनगट आता वाकत न्हाई. उंच हँडल बसवायलोय. धरा."

"आप्पा, मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

"आदी धरा. मंग सांगा."

मी धरलं. पंच्याहत्तरीच्या पुढचा तो माणूस गाडीवर बसला, डोळे मिटले, हात पुढं केले. "अजून. बास." चारही बोल्ट बोटांनी बसवले. मग त्यांनी पाना माझ्याकडं दिला. "माझ्या मनगटात शेवटचा पाव फेरा ऱ्हायला न्हाई. तुम्ही मारा."

मी चारही बोल्ट आवळले. श्वास रोखून. आप्पांनी दोन्ही हातांनी हँडल धरून सगळा भार टाकून हलवून पाहिलं. मग खिशातून तीच पितळी डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली.

"आता लावा."

मी बोट बुडवलं आणि चार रेघा ओढल्या. ते वाकून बघत होते.

"अजून उभीच काढताव," ते म्हणाले. "माझी आडवी असती. डावीकडून उजवीकडं. त्या दिवशी रस्त्यावर पालथा पडलो तर हँडल माझ्या नाकापुढं व्हतं. दोन आडव्या, दोन उभ्या. तवाच कळलं."

मी खिशातला कागद काढला, पण तो हातातच राहिला. "मग बोलला का नाहीत, आप्पा?"

"बोलून काय झालं असतं? बोल्ट ढिला ऱ्हायला ह्याच्यावर कुणी बोललं नसतं. कांबळेनं भस्माची डबी उचलली, आप्पाच्या घरात, ह्याच्यावर कार्यालय वरीसभर बोललं असतं. तुमची नोकरी गेली असती." मग म्हणाले, "आन् दुसरं. माझी चूक हायच की. जल्मभर लोकांला सांगितलं, हात लावून बघा. त्या दिवशी मी हात लावला न्हाई. रेघ बघितली आन् बसलो गाडीवर. एकदा हलवलं असतं तर तिथंच कळलं असतं."

मग जे इतकी वर्षं आत होतं ते बाहेर आलं, आणि ते माफी मागणं नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही मला वाचवलंत, आप्पा. पण मला विचारलं नाहीत. मला खरं बोलायची एक वेळ होती. ती तुम्ही घेतलीत."

आप्पा डबीचं झाकण लावत होते. हात थांबला.

"व्हय," ते म्हणाले. "ते चुकलं."

अगदी साध्या आवाजात म्हणाले. चपलेची वाटी करणारा माणूस मी पाहिला होता. पण स्वतः केलेल्या उपकारातली चूक कुणी दाखवल्यावर ती अशी सरळ उचलून घेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मला ती दाखवायची होती, पण त्यांनी ती घेतल्यावर माझ्याच हातात काही उरलं नाही.

कागद त्यांनी वाचला. चष्मा नसल्यानं लांब धरून, ओठ हलवत. मग घडी करून परत दिला. "अक्षर अजून छान हाय. पण मी हाय तवर ऱ्हाऊ द्या. लोक म्हणतील, आप्पानं सरकारला खोटा जबाब दिला. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

म्हणून हे आता. देशमाने, गच्चीवरचे सगळे, आणि ज्यांच्याकडं ते सेवापुस्तक अजून असेल ते, सगळ्यांनी हे वाचावं. लाल शाईची नोंद माझ्या हातची आहे आणि ती खोटी आहे.

त्या दिवशी निघताना मी फाटकाशी उभा होतो. आप्पांनी किक मारली. दुसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. "बसताव का मागं?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. माझं धाडस झालं नाही. त्यांनी एकदा हँडल डावीकडं पूर्ण वळवलं, एकदा उजवीकडं, वायरी कुठं ताणत नाहीत ना ते पाहिलं, खालच्या चार रेघांवर नजर टाकली. आणि मग, मी तिथं उभा असताना, दोन्ही हातांनी हँडल गच्च धरून पुन्हा एकदा हलवून पाहिलं.

ते हललं नाही. तेव्हा ते निघाले. मुरुडच्या त्या गल्लीत, उंच हँडलवर हात ठेवून, ताठ बसून, माझ्या चार उभ्या रेघांवर सगळा भार टाकून ते वळणापर्यंत गेले, आणि वळले.